सगळे दात काढून अख्ख्या जबड्याचे इम्प्लांट: अण्णांना जमेल का?

कृष्णाकाठ | ११ मार्च २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे इम्प्लांटवर (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) दोन-तीन जुने धागे आहेत, पण ते एखाद-दुसऱ्या दाताचे. माझा प्रश्न अख्ख्या जबड्याचा आहे म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझे वडील, अण्णा, वय ६८, सांगलीजवळ गावी असतात. वरच्या जबड्यात चारच दात उरलेत आणि चारही हलतात. खाली पुढचे सहा आहेत आणि डावीकडे एक दाढ. शाळूची भाकरी दुधात कुस्करून खातात, शेंगदाण्याचं कूट चालतं, दाणा चालत नाही. दोन वर्षांपूर्वी वर निघती-घालती कवळी करून दिली होती, ती कपाटात वाटीत पडून आहे. "ती घातली की तोंडात दुसऱ्याचं कायतरी आल्यागत वाटतं" म्हणतात.

परवा भाऊ पेपरातली जाहिरात बघून त्यांना एका ठिकाणी घेऊन गेला. तिथे एक ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढला आणि वीस मिनिटांत सांगितलं की उरलेले सगळे काढू, वर चार आणि खाली चार स्क्रू बसवू, तिसऱ्या दिवशी फिक्स दात. सव्वासहा लाख, मार्चअखेरपर्यंत ठरवलं तर साडेपाच. रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस आधी बंद करून या म्हणाले.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले शुगर आहे, वय झालंय, इम्प्लांटचं डोक्यातून काढा आणि कवळीच घाला. तिथे दोन मिनिटं.

एकाच्या मते शंभर टक्के फिट, दुसऱ्याच्या मते शून्य. भाऊ पहिल्याच्या बाजूने, आई दुसऱ्याच्या, आणि मी पुण्यात बसून दोघांचे फोन घेतेय.

बाकी माहिती: मधुमेह १४ वर्षं, जानेवारीत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.२. ऑक्टोबरमध्ये अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. बीपी गोळीवर नीट. तंबाखू चुना लावून चाळीस वर्षं, अँजिओप्लास्टीनंतर सोडली असं अण्णा सांगतात. आईचं म्हणणं वेगळं आहे.

कुणाला अनुभव असेल तर सांगा. कुणी दाताचे डॉक्टर असतील तर फारच बरं.

---

भाकरवडी | ११ मार्च, रात्री १०:०५

मार्चअखेर ऑफर? दात बसवताय की फ्रीज घेताय? पळा तिथून.

---

खडीसाखर | ११ मार्च, रात्री १०:३१

ताई, वयाचा बाऊ करू नका. माझ्या सासूबाईंनी ७४व्या वर्षी खालचा पूर्ण जबडा करून घेतला. चार इम्प्लांट, ठाण्यात. आता पेरू चावून खातात, बियांसकट, आणि आम्हाला ऐकू जाईल असा खातात. खर्च झाला, पण जेवताना त्यांचा चेहरा बघितला की वसूल वाटतं. मात्र त्यांना शुगर नाही आणि तंबाखूचा प्रश्नच नव्हता, हेही सांगते.

---

दंतकथा | ११ मार्च, रात्री ११:५२

मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कवळ्या, ब्रिज, इम्प्लांटवरचे दात हेच रोजचं काम. न तपासता इथे निदान करणार नाही, पण काही गोष्टी आज रात्रीच सांगायला हव्यात.

पहिली आणि तातडीची: गोळ्या बंद करू नका. स्टेंट बसवून पाच महिने झालेत. या काळात अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडी कुणाच्या तरी सांगण्यावरून पाच दिवस थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि त्याने माणूस जातो. दात काढताना रक्त जास्त वाहिलं तर ते दाबून, टाके घालून, औषधाचा बोळा ठेवून थांबवता येतं. ती गोळी बंद करायची की नाही हे फक्त तुमचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. दातासाठी सहसा ते बंद करायला सांगत नाहीत. आत्ताच फोन करून अण्णांना सांगा.

आता तुमचा प्रश्न. तुम्हाला दोन टोकाची उत्तरं मिळाली कारण दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. "बसतील का" हा एक प्रश्न, "टिकतील का" हा दुसरा. बसवायला काय, जवळपास कुणाच्याही जबड्यात कुठे ना कुठे चार स्क्रू बसतात. हाड नसेल तर गालाच्या हाडापर्यंत जाणारे लांब झायगोमॅटिक इम्प्लांटसुद्धा असतात. जाहिरातवाल्यांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या डोक्यात दुसरा प्रश्न होता, पण त्यांनी "आत्ता नाही" म्हणायच्या ऐवजी "कधीच नाही" म्हटलं.

वय ६८ ही अडचणच नाही. वरची वयोमर्यादा नसते, खालची असते, जबड्याची वाढ पूर्ण झालेली हवी. मधुमेह असणंही अडचण नाही, ताब्यात नसणं आहे. एचबीए१सी सात-साडेसातच्या आसपास असलेल्या पेशंटचे इम्प्लांट इतरांसारखेच धरतात. आठपर्यंत बरेच जण काम करतात. ९.२ वर मी तरी चाकू उचलणार नाही. जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि हाड स्क्रूला धरायच्या ऐवजी मागे सरकतं.

स्टेंटनंतर तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियेला किती थांबायचं हे पुन्हा कार्डिओलॉजिस्ट सांगतील. बऱ्याचदा सहा महिने ते वर्ष म्हणतात. आठ इम्प्लांट आणि अकरा दात काढणं ही काही तातडी नव्हे.

तीन गोष्टी विचारतो, उत्तरं द्या:

१. अण्णांना तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगा. किती जातात?
२. तंबाखूची गोळी कुठे ठेवायचे? तिथली आतली त्वचा कुणी नीट उजेडात बघितली का?
३. सुपारी खातात का?

---

कृष्णाकाठ | १२ मार्च, सकाळी ७:१५

डॉक, मनापासून आभार. रात्रीच फोन केला. भावाने कालची संध्याकाळची गोळी आधीच "सरावासाठी" चुकवली होती. सकाळी कार्डिओलॉजिस्टच्या दवाखान्यात विचारलं, ते भावावर असे काही ओरडले की मला फोनवर ऐकू आलं. गोळ्या चालू.

बोटं: दोन जातात, तिसरं अडतं.
तंबाखूची गोळी खाली डावीकडे, ओठाच्या आत. कुणीही बघितलेलं नाही. दोन्ही ठिकाणी नाही.
सुपारी जेवणानंतर कातरून. "ती काय व्यसनात येते व्हय?" असं उत्तर मिळालं.

---

दंतकथा | १२ मार्च, दुपारी १:२०

मग इम्प्लांटचं सगळं बाजूला ठेवा. आधी मौखिक वैद्यक म्हणजे ओरल मेडिसिनवाल्यांना किंवा ओरल सर्जनला तोंडाची आतली बाजू दाखवा. गोळी ठेवायच्या जागी पांढरा, खरखरीत चट्टा असेल तर तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय त्या तोंडात कुठलंही मोठं काम करायचं नाही. सांगली-मिरज भागात दंत महाविद्यालय आहे, तिथे हे तपासायला फार पैसे लागत नाहीत.

दोन बोटांचं कारण सुपारी असू शकतं. सुपारीने तोंडातलं अस्तर हळूहळू घट्ट, दोरीसारखं होत जातं. अण्णा सुपारीला व्यसन म्हणत नसले तरी तोंड आखडवणारी तीच, तंबाखू नव्हे. आणि इम्प्लांटशी त्याचा संबंध साधा आहे. मागच्या दाढेच्या जागी ड्रिल, त्यावर हँडपीस (ड्रिल फिरवणारं हातातलं यंत्र) आणि माझा हात एवढं सगळं आत जायला जागा लागते. साडेतीन-चार सेंटिमीटर तरी उघडलं पाहिजे. जाहिरातीत हाड किती आहे ते सांगतात, तोंड किती उघडतं ते कुणी सांगत नाही.

---

टिंबटिंब | १२ मार्च, रात्री ८:४४

माझा फसलेला अनुभव लिहितो, म्हणजे चित्र पुरं होईल.

वय ५२, वरचा जबडा, चार इम्प्लांट. दिवसाला दहा-बारा सिगारेटी. डॉक्टरांनी "कमी करा" म्हटलं, मी "हो" म्हटलं, दोघंही एकमेकांच्या चेहऱ्याकडे न बघता पुढे गेलो. त्याच दिवशी तात्पुरते दात मिळाले. घरी आलो तर बायको म्हणाली वीस वर्षांनी लहान दिसतोस. सहाव्या आठवड्यात मटण खाल्लं, कारण दात फिक्स होते ना! कुणी मला बजावलं नव्हतं, किंवा बजावलं असेल तर मी ऐकलं नाही, की पहिले दोन-तीन महिने मऊच खायचं, हाड स्क्रूला धरेपर्यंत. शिवाय झोपेत दात कराकरा खायची सवय. मागचा उजवा इम्प्लांट तिसऱ्या महिन्यात हलायला लागला, मग डावा. चारपैकी दोन गेले. पुन्हा सहा महिने थांबून, हाडाची भरणी करून, पुन्हा बसवले. रात्री आता प्लास्टिकचं कवच घालून झोपतो. सिगारेट सुटली, पण ती पावणेदोन लाख जादा गेल्यावर.

दोष कुणाला देत नाही. पण मला कुणी "तुम्ही यासाठी योग्य नाही, सहा महिन्यांनी या" असं म्हटलं असतं तर मी तेव्हा चिडलो असतो आणि आज त्यांच्या पाया पडलो असतो.

---

भाकरवडी | १२ मार्च, रात्री ९:०२

@टिंबटिंब "सहाव्या आठवड्यात मटण" हे तुमच्या आत्मचरित्राचं नाव ठेवा.

---

ऑस्टिनकर | १३ मार्च, पहाटे ४:३०

इकडे अमेरिकेत एका जबड्याचे पंचवीस हजार डॉलर सांगितले, म्हणून मी डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीत भारतात करून घ्यायचं ठरवत होतो. "त्याच दिवशी दात" म्हणजे तीन आठवडे पुरतील असं गणित. काही चुकतंय का?

---

दंतकथा | १३ मार्च, सकाळी १०:१०

@ऑस्टिनकर, चुकतंय ते एवढंच की त्याच दिवशी मिळतात ते तात्पुरते, अ‍ॅक्रिलिकचे म्हणजे प्लास्टिकचे. तेही स्क्रू हाडात पुरेसा घट्ट फिरला तरच, आम्ही साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर (पिळायला लागणाऱ्या जोराचं माप) बघतो. त्याहून कमी आला तर मी त्याच दिवशी दात जोडत नाही, कवळीवर घरी पाठवतो. हे टेबलावर कळतं, विमानाचं तिकीट काढताना नाही. कायमचे दात तीन ते सहा महिन्यांनी. म्हणजे दोन फेऱ्या धरा, आणि मधल्या काळात स्क्रू सैल झाला तर ऑस्टिनमध्ये कोण हात लावेल ते आधी विचारून ठेवा. परक्या कंपनीच्या इम्प्लांटला हात लावायला तिकडे कुरकुरतात. कंपनी, व्यास, लांबी लिहिलेले स्टिकर मागून घ्याच.

---

झेंडूची_फुलं | १३ मार्च, दुपारी ३:१८

माझ्या आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन देतात, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड. तिला दातांसाठी नेलं तेव्हा फॉर्मवर "कोणत्या गोळ्या घेता" असं होतं. तिने बीपीची लिहिली. इंजेक्शन म्हणजे गोळी नव्हे ना, म्हणून ते लिहिलंच नाही! मी सहज बोलले म्हणून डॉक्टरांच्या कानावर गेलं आणि त्यांनी काम थांबवून हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. एवढं गंभीर असतं का हे?

---

दंतकथा | १३ मार्च, रात्री ११:०५

@झेंडूची_फुलं, फार चांगलं केलंत. ठिसूळपणा स्वतः अडचण नाही, त्याच्यावरची औषधं कधी कधी असतात. झोलेड्रॉनिक, अलेंड्रोनेट, डेनोसुमॅब ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण त्याबरोबर जबड्याच्या हाडाची दुरुस्तीही मंदावते. दात काढल्यावर क्वचित जखम भरतच नाही, हाड उघडं पडून राहतं. ऑस्टिओपोरोसिससाठीच्या डोसला हा धोका लहान असतो, बोलून-समजून पुढे जाता येतं. कॅन्सर हाडात पसरला म्हणून दर महिन्याला मोठ्या डोसात चालू असेल तर इम्प्लांट नाहीच. आणि आपल्या मनाने इंजेक्शन पुढे ढकलू नका. डेनोसुमॅब मध्येच सोडलं तर मणके मोडल्याची उदाहरणं आहेत.

जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगायचं, दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी. फॉर्ममध्ये विचारलं नसलं तरी.

---

जुनापुराणा | १४ मार्च, सकाळी ९:२५

अवांतर: हे टायटॅनियम हाडाला धरतं हे कळलं अपघाताने. स्वीडनचे ब्रॉनेमार्क १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळी परत काढायला गेले तर निघेना, हाडाने धरून ठेवलेली. माणसाच्या तोंडात असे स्क्रू त्यांनी १९६५ साली बसवले. चार स्क्रूंवर अख्खा जबडा, मागचे दोन तिरपे, ही पद्धत लिस्बनच्या पाउलो मालो यांची, नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. तिरपे कशासाठी? वर मागे सायनसची पोकळी आणि खाली मागे ओठाला संवेदना देणारी नस, दोन्हींना वळसा घालून पुढचं चांगलं हाड वापरता यावं म्हणून.

माझे स्वतःचे बत्तीसपैकी एकोणतीस शाबूत आहेत. वय ७९. कडुनिंबाची काडी. (हा सल्ला नव्हे, फुशारकी.)

---

खडीसाखर | १४ मार्च, सकाळी १०:०८

काका, काडीचा वेगळा धागा काढा, इथे नको.

@दंतकथा, सासूबाईंच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की खालचं हाड उलट थोडं जास्तच आहे, वरून तासावं लागेल. मला तेव्हा फसवणूक वाटली होती. हाड कमी म्हणून लोक रडतात आणि आमचं जास्त?

---

दंतकथा | १४ मार्च, रात्री १०:४०

फसवणूक नव्हती. हे समजावायला मला रोज एक कवळी हातात घ्यावी लागते, इथे शब्दांत प्रयत्न करतो.

चार इम्प्लांटवर जो एकसंध ब्रिज बसतो त्यात दात असतात, त्याखाली गुलाबी हिरडीसारखा भाग, त्याखाली धातूची पट्टी, मग स्क्रूचे जोड. या सगळ्याला मिळून हिरडीपासून समोरच्या दातापर्यंत बारा ते पंधरा मिलिमीटर उंची लागते. ज्यांचे दात वीस वर्षांपूर्वी गेले त्यांचं हाड झिजून ही जागा आपोआप झालेली असते. ज्यांचे दात अजून जागेवर आहेत त्यांच्याकडे हाड भरपूर आणि जागा शून्य. मग ती जागा करायला चांगलं हाड तासतात. कधी ते योग्य असतं. पण मजबूत दात काढून, त्याखालचं मजबूत हाड तासून, मग त्यात स्क्रू, हे ऐकल्यावर पेशंटने एकदा तरी "का?" विचारायला हवं.

म्हणूनच मला अण्णांच्या खालच्या सहा दातांची काळजी वाटतेय. वरचे चार हलतात, ते जाणारच. खालचे सहा हलतात असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरं, हसताना. वरचा ओठ इतका वर जातो का की खरी हिरडी दिसते? दिसत असेल तर खोट्या आणि खऱ्या हिरडीची सीमारेषा सगळ्या लग्नाच्या फोटोंत येणार. आणि ओठाचा आधार. कवळीला बाहेरून गुलाबी कड असते, ती ओठ पुढे धरते. फिक्स ब्रिजला ती कड ठेवली तर खाली साफ करता येत नाही. काही माणसांत कड काढली की ओठ आत बसतो आणि माणूस एकदम म्हातारा दिसतो. आम्ही कड कापलेली चाचणीची कवळी घालून बघतो. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्याने कित्येक "फिक्सच पाहिजे" म्हणणारे स्वतःच निघत्या-घालत्या पर्यायाकडे वळतात.

आणि हात. ब्रिजच्या खालून रोज पाण्याचा फवारा किंवा जाड धागा फिरवावा लागतो. संधिवाताने बोटं वाकली असतील, कंप असेल, तर रोज कोण करणार हे आधी ठरवा. पायरियाने दात गेलेल्यांना हे दुप्पट लागू. तेच जंतू इम्प्लांटभोवतीचं हाड खातात, आणि टायटॅनियम दुखत नाही, त्यामुळे हाड निम्मं जाईपर्यंत कळत नाही.

---

भाकरवडी | १४ मार्च, रात्री ११:१५

एवढं सगळं सांगणारा डॉक्टर मिळाला तर लोक साडेपाच लाख देतीलच ना. न सांगणाऱ्याला द्यायची चीड येते. विमाही देत नाही, अपघात सोडून दाताचं काही धरत नाहीत बहुतेक पॉलिश्या.

बादवे, सरकारी दंत महाविद्यालयं आहेत मुंबई, नागपूर, संभाजीनगरला. गोव्यात बांबोळीला. वेळ जातो, विद्यार्थी शिकत असतात, पण मागे प्राध्यापक उभा असतो आणि "आज ठरवा" कुणी म्हणत नाही.

---

खडीसाखर | १५ मार्च, सकाळी ८:५०

@भाकरवडी, सगळ्या खाजगी दवाखान्यांना एका काठीने हाकू नका. आमच्या डॉक्टरांनी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) बघून आधी महिनाभर हिरड्यांवरच काम केलं. चांगले आहेत. ओळखायचं कसं एवढंच.

---

कृष्णाकाठ | १९ मार्च, रात्री ९:३०

छोटं अपडेट. अण्णांना दंत महाविद्यालयात नेलं. खाली डावीकडे, गोळीच्या जागी, पांढरा चट्टा आहे. रुपयाच्या नाण्याएवढा. बायोप्सी घेतली. रिपोर्ट आठवड्याने.

घरात दात या विषयावर आता कुणी बोलत नाही. भाऊ तर अजिबात नाही.

---

झेंडूची_फुलं | १९ मार्च, रात्री ९:४१

ताई, काळजी घ्या. रिपोर्ट आला की कळवा.

---

कृष्णाकाठ | २७ मार्च, दुपारी १२:०४

पेशींमध्ये तसला बदल नाही. कॅन्सर नाही, आणि त्याच्या आधीची पायरी म्हणतात तेही नाही. तंबाखू-सुपारी पूर्ण बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, तोंड उघडायचे व्यायाम. अण्णांनी रिपोर्ट ऐकला, उठले, सुपारीचा अडकित्ता आईकडे दिला. "ऊस सोलायला होईल" म्हणाले. ऊस कुणासाठी सोलायचा ते विचारलं नाही.

---

दंतकथा | २७ मार्च, रात्री ८:३०

सुटलात. आता घाई कशाचीच नाही. हलणारे वरचे चार कधी काढायचे ते कार्डिओलॉजिस्टना विचारून, गोळ्या चालू ठेवून. हे लांबवू नका मात्र, त्या दातांभोवतीच्या पूने शुगरही वाढलेली राहते. शुगर दर तीन महिन्यांनी. खालचे सहा साफ करून ठेवा.

---

कृष्णाकाठ | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. आठ महिने झाले, व्यक्तिगत निरोपातून विचारलं काहींनी.

एचबीए१सी ७.३. स्टेंटला वर्ष झालं, दोनपैकी एक गोळी डॉक्टरांनीच बंद केली. चट्टा फिका झालाय, तपासण्या चालू. तोंड आता अडीच बोटं उघडतं, काठीचे व्यायाम करतात, न चुकता, टीव्हीसमोर. तंबाखू खरोखर सुटली असावी, आई आता खिसे तपासत नाही.

वरचे चार जुलैमध्ये काढले. जखम भरली तसं वर पूर्ण कवळी करून दिली, तात्पुरती, जबडा बसेपर्यंत. आणि इथे गंमत झाली. जुनी कवळी अर्धवट होती, चार हलत्या दातांना तारेने अडकवलेली, म्हणून टोचायची. ही नवीन टाळूला नीट चिकटते. अण्णा ती घालून जेवतात. परवा घरी गेले होते तर भाकरी मोडून ठेच्याबरोबर खात होते. दुधाशिवाय. मी काही बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून.

आता वर फिक्स नकोच म्हणतात. "हे हाय ते ब्येस हाय." प्रॉस्थोडॉन्टिस्ट मॅडम म्हणाल्या वर करायचंच झालं तर पुढे हाड चांगलं आहे, डाव्या सायनसखाली मात्र तीनच मिलिमीटर, म्हणजे मागचे तिरपे घालावे लागतील. पण आत्ता गरज नाही.

गरज खाली आहे, मागे, कारण चावायला खाली दाढाच नाहीत. डावीकडची एकुलती एक दाढ पक्की आहे, ती ठेवायची. चार इम्प्लांट, उजवीकडे दोन, डावीकडे त्या दाढेच्या मागे-पुढे दोन. दीड लाखाच्या आत. जानेवारीत. खालचे पुढचे सहा दात तसेच.

---

दंतकथा | १६ नोव्हेंबर, रात्री ११:३५

फार आनंद झाला. मॅडमचं बरोबर आहे. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे खरे दात अशी जोडी असली की माणूस पुढच्याच दातांनी चावतो. मग वरचं पुढचं हाड दाबाने विरघळत जातं, कवळी पुढे झुकायला लागते, हिरडी लुसलुशीत होते. केली नावाच्या डॉक्टरांनी १९७२ सालीच हे नीट मांडून ठेवलंय. खाली मागे आधार दिला की ते थांबतं, आणि पुढे कधी वरचे इम्प्लांट करायचे म्हटलं तर हाड शिल्लक असतं. खालच्या नसेपासून दोन मिलिमीटर अंतर ठेवतात ना, तेवढं विचारून घ्या.

तोंड अडीच बोटं आहे तर मागच्या इम्प्लांटला आखूड ड्रिल लागतील. आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे त्या मागवून ठेवतील.

---

टिंबटिंब | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

अण्णांना माझा नमस्कार. मटण जानेवारीच्या आधी खाऊन घ्या म्हणावं.

---

कृष्णाकाठ | १७ नोव्हेंबर, दुपारी २:२०

सांगितलं. आजच आणायला सांगितलंय.

एक मदत हवी. सीबीसीटीची सीडी दिलीय, मॅडम म्हणाल्या कॉपी स्वतःकडे ठेवा. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर घातली तर नुसत्या अगम्य नावांच्या चारशे फाइली दिसतात, एकही उघडत नाही. फोटोसारखं काही नाहीच. सीडी खराब आहे का?

---

जुनापुराणा | १७ नोव्हेंबर, सायं. ५:४८

खराब नाही. त्या डायकॉम फाइली असतात, एकेक म्हणजे जबड्याचा एकेक काप. सीडीतच व्ह्यूअर म्हणून एक प्रोग्रॅम असतो, तो विंडोजवर डबल क्लिक करा, आपोआप सगळे काप जोडून दाखवेल. चारशेच्या चारशे फाइली एकत्र पेनड्राइव्हवर घ्या. एकही वगळू नका आणि नावं बदलू नका. माझ्या नातवाने "जबडा१, जबडा२" अशी नावं देऊन ठेवली होती, मग पुन्हा स्कॅन सेंटरला हेलपाटा.